न्यूयॉर्क सोळा तास, धुळं दोन

रिटायर माणसं रोज एकाच बाकावर बसली की किस्से साचतातच. आमचं बाक जळगावच्या एका कॉलनीतल्या बागेत. बसणारे चौघे: नाना, अक्का, आबा आणि मी. नानांचा मुलगा न्यूयॉर्कला, अक्कांची लेक लंडनला, माझा धाकटा सिडनीला. आबांचा प्रदीप मात्र धुळ्याला! त्यामुळे विमानाच्या गप्पांत आबा नुसते ऐकायला.

*

नाना मोबाईलवर विमानाचं चिन्ह सरकताना बघत बसतात. सून पोरांना घेऊन निघाली, तेव्हा ते चिन्ह मधेच समुद्रावर थांबलं. हलेचना! नाना घामाघूम. देवापुढे दिवा लावला, आम्हाला बोलावून घेतलं. अक्कांनी फोन हातात घेतला नि म्हणाल्या, "नाना, विमान ठीक आहे. तुमचं नेट संपलंय!"

*

एसटी सुटली की डबा उघडायचा नि शेजाऱ्यालाही द्यायचं, ही आमची रीत. अक्कांनी लंडनच्या विमानात भरीत-पुरी उघडली आणि मागच्या-पुढच्या रांगेला वाटली. लेकीनं लाजून तोंड शालीत लपवलं. एका गोऱ्यानं पुन्हा मागितलं, तर अक्का लेकीला म्हणाल्या, "त्याला सांग, लंडन यायला अजून सहा तास आहेत. जरा पुरवून खा म्हणावं!"

*

माझंही ऐका. गाडी चुकेल या धास्तीनं मी नेहमी लवकर निघतो. सिडनीला जाताना मुंबई विमानतळावर पोहोचलो, तर गेटवरचा जवान म्हणाला, "काका, तिकीट उद्याचं आहे."

"हो ना," मी म्हणालो, "म्हणून तर आज आलो!"

*

पण आमचा लाडका विनोद आबांवर. कुणाचं पोर परदेशातून यायचं असलं की आम्ही विचारणार, "आबा, प्रदीपचं विमान किती वाजता?" सगळे हसायचे. आबाही हसायचे. अक्का म्हणायच्या, "तुमचं बरं आहे आबा, हाक मारली की पोरगा दारात!"

आता सांगताना लाज वाटते.

*

आबांना मोतीबिंदू झाला. वहिनी गेल्यापासून घरात एकटेच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला सोबत कुणीतरी आणा. प्रदीप येणार म्हणून आबांनी तारीख घेतली, मग पुढे ढकलली. पुन्हा घेतली, पुन्हा ढकलली. मी समोरच राहतो, माझी गाडी दारात उभी असते. पण मनात आलंच नाही. म्हटलं धुळ्याचा तर पोरगा, येईल की!

परवा नाना बाकावर आले ते छाती फुगवूनच. त्यांना साधा ताप आला होता, तर मुलगा धावत आला. "ऐकलं नि निघाला! न्यूयॉर्क ते मुंबई सोळा तास, पुढे जळगाव आठ!"

मी सवयीनं म्हणालो, "काय आबा, प्रदीपचं विमान?"

आबांना आता चेहरे दिसत नाहीत. आवाजाच्या रोखानं वळून त्यांनी आपल्या अहिराणीत नानांना विचारलं, "बठ्ठा मिळीसन चोवीस तास?"

"चोवीस!"

आबा काठी चाचपडत उठले.

"मंग धुळंच लांब शे, भाऊ."