वाळू उडवायच्या मशीनची वॉरंटी

मुळात माझा स्वभाव संशयी. दुकानातून नवी वस्तू आणली की तिचे स्क्रू आधी कुणी फिरवलेत का, ते मी पाहतो. ऐंशीच्या आसपासची ती वर्षं. बहरीनला मी मेकॅनिक होतो. रिफातल्या बंगल्यांची आवारं साफ ठेवायचं काम आमच्या कंपनीकडे होतं. वारं सुटलं की फरशीवर बोटभर वाळू बसायची. ती उडवायला आमच्या अरब मालकाने पेट्रोलवर चालणारं, ढकलत न्यायचं एक नवं मशीन घेतलं. थंड देशांत असल्याच मशीनने बर्फ उडवतात, असं बाब अल बहरीनजवळचा दुकानदार म्हणाला. तिकडे खपलं नाही म्हणून आमच्या गळ्यात मारलं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

मशीन चालवायला दिलं माझ्याच खोलीतल्या, पाटणकडच्या एका गड्याकडे. त्याचा व्हिसा मीच खटपट करून आणवला होता. पहिले पंधरा दिवस तक्रार नाही. मग रोग सुरू झाला. अर्धा तास चालायचं, धापा टाकायचं आणि बंद.

मी प्लग काढून पाहिला, कार्बोरेटर धुतला, फिल्टर झटकला. उपयोग शून्य. वॉरंटी होती म्हणून दुकानात न्यायचं ठरलं. नेण्याआधी प्लगवर खिळ्याने बारीक खूण केली. नवा काढून घेऊन जुना बसवतील, काय नेम. तिथला सर्व्हिसवाला वसईचा, बोलायला गोड. त्याने झाकण उघडून पेट्रोल ओतलं, दहा मिनिटं मशीन चालवलं आणि म्हणाला, "एकदम ओके आहे. घेऊन जा." असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने टाकीला नाक लावलं. "पेट्रोलमध्ये कोणीतरी रॉकेल घालतंय वाटतं. मग वॉरंटी खलास."

खूण केलेला प्लग जागच्या जागी होता. त्यामुळे दुकानावरचा माझा संशय उठला आणि गड्यावर जाऊन बसला. मी त्याच्यावर पाळत ठेवली. मशीन बंद पडलं की हा टाकीचं झाकण उघडायचा, आत डोकावायचा, परत लावायचा. तासात दोन-दोनदा. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, झाकण उघडून लावलं की चालू हुतंय बघा. का, ते मला बी कळंना."

चोराला बरं सुचतं, असं मला वाटलं. हा पेट्रोल काढून विकतो आणि वर रॉकेल ओततो, याखेरीज मला दुसरं काही दिसतच नव्हतं. दोन वर्षांनी त्याची रजा आली होती. गावी बहिणीचं लग्न होतं. बाप नाही, भाऊ म्हणून उभं राहायला हा एकटाच. हे सगळं ठाऊक असून मी मालकाच्या कानावर घातलं. मालकाने त्याची रजा रद्द केली आणि मशीन माझ्या ताब्यात दिलं.

आता पेट्रोल मी भरलं, झाकण मी घट्ट लावलं. अर्ध्या तासाने मशीन बंद. झाकण फिरवलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. टाकीत हवा जायला झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडलं की उतरतं. रॉकेल वगैरे काही नव्हतंच. टाचणीने टोकरलं तर सुकून खडा झालेलं कुंकू निघालं. दसऱ्याला आमच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये सगळी हत्यारं आणि मशिनं मांडून आम्ही पूजा केली होती. नव्या मशीनच्या झाकणावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक मीच काढलं होतं. पूजेचं पुसायचं नसतं म्हणून त्या गड्याने तिथे फडकंही लावलं नव्हतं.

मी तडक मालकाकडे गेलो आणि माझी चूक सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "यल्ला, जाने दो उसको." रजा परत मिळाली, लग्नाला अजून आठवडा होता. खोलीवर येऊन मी गड्याची माफी मागितली. "जाऊ द्या भाऊ," तो म्हणाला. मला हायसं वाटलं. विषय मिटला, असं मी धरून चाललो.

गावी जाणाऱ्याच्या हाती खोलीतल्या प्रत्येकाने घरी सामान पाठवायचं, ही आमची रीत. मीही पोरांसाठी कापड, साबणाच्या वड्या आणि आईसाठी बॅटरी आणली आणि पिशवी त्याच्या बॅगेशेजारी इतरांच्या पिशव्यांत ठेवली. त्याने नेमकी माझीच उचलली आणि सुईदोऱ्यासकट माझ्या हातात दिली.

"तोंड शिवून द्या, भाऊ. आत काय काय हाय ते चिठ्ठीवर लिवा, खाली सही करा. वैनींच्या हातात चिठ्ठी आन् पिशवी संगंच दीन."

आवाजात राग नव्हता. बाकीच्यांच्या पिशव्या उघड्याच होत्या. मान वर करायची मला लाज वाटत होती. त्याच्यासमोर बसून मी टाके घालू लागलो. एका जागी दोन टाके सैल पडले, ते त्याने मला उसवून पुन्हा घालायला लावले.