भाकरी करणारी बाई

जालन्यात मला खोली मिळाली ती पंधराव्या घरी. आधीच्या चौदा घरांनी एकटी बाई नको म्हणून दार लावून घेतलं. मी वाटूरच्या शेतकऱ्याची पोर, इथल्या शाळेत मास्तरीण, याचं कोणाला काही पडलं नव्हतं. पंधराव्या घरची मालकीण मारवाडी, तिचं घर चार पिढ्यांपासून जुन्या जालन्यात. तिनं एवढंच विचारलं, "माणसं किती?" नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून तिच्या घरात भाडेकरूंना माणशी एक ड्रम अशी वाटणी होती.

"एकच," मी म्हणाले.

"बराबर एकच? बाद में दोन न्हाई व्हायचे."

ती हसत म्हणाली होती. मी मात्र ते दगडावरची रेघ समजून बसले.

दुसऱ्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्यात झालं. डॉक्टरांनी बजावलं: दिवसातून सहा वेळा औषधाचे थेंब, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. गावी थेंब टाकायला कोणी नव्हतं. मालकीण दुपारी झोपते ती वेळ साधून मी आईला जिन्यानं वर आणलं. "चपला हातात घे," असंही तिला सांगितलं. स्वतःच्या आईला चोरीच्या मालासारखं घरात घेणारी मी, आणि वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. ड्रम भरून मी वर आले, तर मालकीण मागोमाग. खोलीचं दार उघडंच होतं.

"ही कोण गं?"

खोली जाईल या भीतीनं माझी जीभ सरळ घसरली. "भाकरी करायला येते. मावशी."

आई पलंगावर बसली होती. ती उठून खाली फरशीवर टेकली. डोळ्यावरचा काळा चष्मा काढून तिनं कमरेला खोचला. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"बरं झालं," मालकीण म्हणाली. "आमची बाई आज आली न्हाई. मावशी, जरा बादल्या गच्चीवर चढवता का? पाणी जाईल, जल्दी करा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही, आणि म्हणाले, "चढवेल ना."

आईनं नऊ बादल्या चढवल्या. मी खोलीत वह्या तपासत बसले, लाल पेनानं चुका काढत. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज प्रत्येक फेरीला जड होत गेला. शेवटी ती खाली आली ती मालकिणीनं दिलेली जुनी साडी घेऊन. साडी घडी करून तिनं माझ्या उशाशी ठेवली.

"पडदा होईल तुला खिडकीला. बाई चांगलीय गं."

दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक. डॉक्टरांनी विचारलं, काही उचललं का?

"न्हाई. बिलकुल न्हाई. पोरगी उठूसुद्धा देत न्हाई," आई म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि मी ते कौतुक घेतलं.

त्या डोळ्यानं तिला पुढे फक्त उजेड-अंधार कळायचा. डोळा नुसत्या बादल्यांनीच गेला का, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मागच्या महिन्यात मालकीण पापड वाळत घालताना म्हणाली, "तुझी आई कधी आलीच न्हाई गं? चार वर्षं झाली."

"एकच माणूस ठरलं होतं ना."

"अगं येडी आहेस का? आई काय भाडेकरू असते? पाण्याचं काय, माझ्यातलं दिलं असतं. विचारायचं तरी."

मी संध्याकाळी आईला फोन केला. ये म्हणाले, हवं तेवढं राहा, मालकिणीनंच बोलावलंय. ती खूश झाली. बसची वेळ विचारली, लोणचं आणू का विचारलं. मग हळूच म्हणाली, "मंग आता कोण म्हणून येऊ? भाकरीवालीच सांगू का दुसरं काही?"

आईला टोमणा मारता येत नाही. ती खरंच विचारत होती.