आठ रेघा

गुणाजीकाका बोलताना आवाज वापरायचे नाहीत. मुके नव्हते, चांगले खणखणीत होते. पण गॅलरीच्या त्या टोकाला उभे राहून नुसते ओठ हलवायचे, "काय गो बाय, जेवलंस?" आणि मी इकडून मान डोलवायची. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारा स्वतःशीच पुटपुटतोय. काकांची उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या साचेखात्यात गेली होती. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडत असताना तिथे घसा फोडून काही उपयोग नसतो. कापड विणणारी माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. त्या धडधडीने काकांचे कान निम्मे खाल्ले. संप झाला, गिरणी बंद पडली, ओठांची सवय तेवढी राहिली.

मी लोअर परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचे. ते ऑफिस काकांच्याच गिरणीच्या जागेवर उभं होतं. माझ्या ऑफिसची काच, तिथला थंडावा याचं मी कौतुक सांगायला लागले की काका शांतपणे म्हणायचे, "तू बसतंस मां, थय आमचे संडास होते."

त्यांच्या खोलीत पूर्वी काका धरून नऊ जण राहायचे, सगळे एकाच गावचे, सगळे विणकर. दर गुरुवारी तिथे भजन व्हायचं. संपानंतर कोण गावाला गेला, कोण नालासोपाऱ्याला वॉचमन झाला, बरेचसे वारले. काकी गेल्या, मुलगा विलास डोंबिवलीला राहायला गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर वडिलांच्या गळ्यात मारून गेला. एका संध्याकाळी काका माझ्या दारात आले. या वेळी मात्र आवाज काढून म्हणाले, "बाय, ह्या मशीनीत भजन भरूक येता?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला स्वतःचं गाणं ऐकायचंय. मी एक माईक आणला, आवाज भरायचा प्रोग्रॅम टाकला आणि पहिली रेघ उघडून दिली. त्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आवाजाची वेगळी आडवी रेघ असते, आवाज चढला की ती फुगते, उतरला की बारीक होते. काकांनी पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावली आणि गायला लागले. पण तो त्यांचा आवाज नव्हता. ओळीच्या शेवटी सूर नको इतका लांबवणारा भलताच कोणीतरी गात होता.

"ह्यो दत्ताराम," काका म्हणाले. "असोच लांबवी. बुवा वैतागत."

दुसऱ्या रेघेवर सखाराम आला, आधी खाकरणारा. तिसऱ्यावर भिकू, तो कायम अर्धी मात्रा मागे. असे खोलीतले आठ जण. गाणं वाजायला लागलं की काका स्क्रीनला नाक लावून बसत आणि बोट ठेवून दाखवत, "माका आयकाक कमी येता, पण दिसतत सगळे. बघ, भिकू परत मागे रवलो!" मी एकदा विचारलं, "आणि तुमची रेघ?" त्यांनी मला वेड्यात काढलं. "माझी कित्याक? मी हय आसय मां."

आठ आवाज झाले आणि मशीनला धाप लागली. मध्येच अडखळायचं, खरखरायचं, बंद पडायचं. मी आतली बोटभर धूळ साफ केली, आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले, विलासने भरून ठेवलेले सिनेमे काढले. वाजवायच्या आधी मशीन थोडा आवाज हाताशी घेऊन ठेवतं, तो साठा वाढवला. हे काकांना चटकन समजलं. "म्हंजे सुताची कांडी. ती संपली काय साचो थांबता. भरलेली कांडी बाजूक ठेवूची लागता." तरीही आठ जण एकदम त्या मशीनला झेपेनात.

मग मी शहाणपणा केला. एका रविवारी काका बाजारात गेलेले असताना आठही आवाज एकत्र करून एकच रेघ केली आणि जागा मोकळी व्हावी म्हणून सुट्या आठ कायमच्या पुसल्या. गाणं लोण्यासारखं वाजायला लागलं. मी खूश होऊन काकांना खुर्चीत बसवलं.

त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवलं. खाली, वर, परत खाली. "दत्तारामाची रेघ खय?"

"सगळे आहेत की काका, त्या एकातच आहेत."

त्यांनी बोट मागे घेतलं. मग हळूच म्हणाले, "आठ माणसां एका पोत्यात भरलंस गो."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी दोन दिवस पुसलेलं परत मिळवायची खटपट केली. काही मिळालं नाही. मला माझीच लाज वाटली. मग मी काय ते नीट केलं. मेमरी वाढवली आणि दुसरी डिस्क बसवली. जुनीवर प्रोग्रॅम, नवीवर फक्त आवाज. काका म्हणाले, "रवाची खोली येगळी, भजनाची येगळी. बरा केलंस." रोज संध्याकाळी एक याप्रमाणे आठही जण पुन्हा गायले. आता कोणी अडखळलं नाही. नववी रेघ मी मुद्दाम उघडून ठेवली, तिला 'गुणाजी' नाव दिलं आणि सांगितलं, तुम्हीही भरा. ते नुसते हसले.

पुढची तीन वर्षं दर गुरुवारी त्यांच्या दारातून भजन ऐकू यायचं. मग एका सकाळी दार उघडलं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर विलास माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, बाबांचा आवाज तेवढा काढून द्याल? फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही." मी त्याला त्याच खुर्चीत बसवलं आणि एकेक रेघ वाजवू लागले.

"हे दत्तारामकाका," तो लगेच म्हणाला. लहानपणी त्यांच्याच मांडीवर तो झोपायचा. "हे सखारामकाका. हे भिकूकाका!" आठही जण ओळखले, एकदाही चुकला नाही. डोळे पुसत विचारलं, "आणि बाबा?"

"सगळे तुझे बाबाच आहेत रे. आठही."

त्याने मान हलवली. "नाही ताई. यात बाबा नाहीत."

मी नववी रेघ उघडली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होती. दोन्ही डिस्का पालथ्या घातल्या, काका कुठेच नव्हते. म्हणजे दर गुरुवारी ते मशीनसमोर बसून त्या आठ जणांबरोबर नववे म्हणून गात होते आणि मला वाटत होतं, आतून सगळं मशीनच वाजतंय.

मी सगळे आवाज एकदम लावले. विलास काकांसारखाच स्क्रीनला नाक लावून बसला. आठ रेघा हलत होत्या, आणि खालच्या सपाट रेघेवर त्याने बोट ठेवलं होतं.