माणूस म्हणजे पोतं नव्हे

"मिस्त्री, माझं काम तुमी काहून खोलून राह्यले?"

दिलीपभाऊंनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या गाडीत होतो, डोकं सीटखाली आणि पाय दाराबाहेर. हातात त्यांनीच आवळलेला बोल्ट होता. तो मी नुसता हलवून पाहत होतो आणि खालचा पत्रा त्याच्याबरोबर वरखाली होत होता.

पूर्वी मी पुण्यात एका वर्कशॉपमध्ये रेसच्या गाड्या तयार करायचो. आता वाशिमकडच्या मालेगावात हायवेला माझं गॅरेज आहे. इथे दिवस जातो तो क्लचप्लेट आणि ब्रेक लायनरमध्ये. त्यामुळे किन्हीराजाचे दिलीपभाऊ लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आले तेव्हा मला खरंच आनंद झाला. गाडी सेकंडहँड होती. हळदीचं पीक चांगलं आलं की लोक प्लॉट घेतात, यांनी हौस घेतली. अकोल्याकडे एका मैदानावर रेस होती. एकेका गाडीने पळायचं आणि कुणाला किती वेळ लागला ते बघायचं. भाऊंनी त्यात नाव दिलं होतं.

त्यासाठी त्यांनी ऑनलाइन दोन वस्तू मागवल्या. एक बकेट सीट. ही खोलगट असते, माणूस आत बसला की वळणावर बाजूला सरकत नाही. दुसरा हार्नेस, म्हणजे नेहमीच्या सीटबेल्टऐवजी सहा लाल पट्टे. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांच्या मधून, आणि सगळे पोटाशी एका बकलात. जऊळक्याच्या ट्रॉली बनवणाऱ्याला हाताशी धरून भाऊंनी सगळं घरीच बसवलं. माझ्याकडे आले ते फक्त इंजिन ट्यून करायला.

काम देखणं होतं, वैताग त्याचाच. वेल्डिंग सरळ, रंग चकचकीत. पण खांद्यावरचे पट्टे सीटच्या मागून थेट खाली नेऊन फ्लोअरला आवळलेले. हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. दिलीपभाऊंनी बांधलेल्या ट्रॉलीतलं पोतं वाशिमच्या मार्केटपर्यंत पडत नाही, अशी त्यांची ख्याती. दोर मालावरून घ्यायचा, तळाच्या कडीत ओढायचा, गाठ मारायची. त्यांनी स्वतःलाही तसंच बांधलं होतं.

"भाऊ, असं नाही चालत," मी बाहेर येऊन म्हणालो.

"काहून? पोतं खालून आवळलं का जागचं हालत नाही."

"पोत्याले पाठीचा कणा नसते."

"म्या तेच म्हनलं होतं," स्टुलावर चहा पीत बसलेल्या मालतीवहिनी म्हणाल्या. त्या भाऊंच्या पत्नी, खरेदीसाठी बरोबर आल्या होत्या. तसं त्या काही म्हणाल्या नव्हत्या, हे भाऊंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग कप खाली ठेवून त्या मला म्हणाल्या, "मले रेसचं काही समजत नाही. मानूस जसा गेला तसा घरी आला पाह्यजे. एवढं तुमी पाहा."

आता इंजिनाचं काम बाजूलाच राहिलं.

"खोलत बसले त आइतवारची रेस जाईन," भाऊ म्हणाले.

"जाऊ द्या. आधी सीटमध्ये बसा अन् पट्टे आवळा."

ते बसले. एक हात मी धरला, दुसरा वहिनींना धरायला दिला. म्हणालो, ओढा पुढे. वहिनींनी मनापासून ओढलं. भाऊ पुढे आले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली दबले आणि मान आत गेली.

"काय वाटलं?"

"कोनं वरून दाबल्यावानी झालं," भाऊ खांदा चोळत म्हणाले.

"आमी दोघंच ओढून राह्यलो होतो. गाडी कायले धडकली त याच्या कितीतरी पट जोर येईन. पट्टे तुमाले मागं नाही धरणार, खाली चेपतीन."

भाऊ बकल सोडून बाहेर आले. म्हणाले, "बरं, खोला."

रविवार गेलाच. भाऊ तोंड पाडून बसले, पण रोज येऊन बसले. आधी मी बॅटरी काढून ठेवली. सीटखालच्या पिवळ्या प्लगमधून एअरबॅगची वायर जाते, करंट असताना त्याला हात लावायचा नसतो. मग फ्लोअरला वरखाली जाड प्लेटा दिल्या, कारण नुसत्या पत्र्यातला बोल्ट धक्क्याला पत्रा फाडून निघतो. पुण्याच्या जुन्या ओळखीतून त्या गाडीच्या मापाचा रोल बार मागवला. रोल बार म्हणजे सीटमागची पोलादी कमान. गाडी उलटली तर छत तिच्यावर टेकतं, डोक्यावर येत नाही. साध्या बेल्टमध्ये माणूस थोडा तरी वाकतो, हार्नेसमध्ये ताठच राहतो, म्हणून ही कमान नसेल तर हार्नेस लावूच नये. तिच्याच आडव्या नळीला खांद्याचे पट्टे बांधले, खांद्यातून जवळजवळ सरळ मागे. कमरेचे पट्टे पोटावरून काढून खाली कमरेच्या हाडावर आणले.

सीट कडक लागते म्हणून भाऊंनी घरून कापसाची गादी आणली. धक्क्यात गादी दबते आणि आवळलेले पट्टे ढिले पडतात. गादी मी माझ्या खुर्चीवर ठेवली. नेहमीचा सीटबेल्टही जागेवर राहू दिला. रस्त्यावर तोच लावायचा, हे भाऊंकडून वहिनींसमोर कबूल करून घेतलं.

पुढच्या रेसला ते गेले. दुपारी वहिनींचा फोन आला.

"मिस्त्री, गाडी गेली. मातीच्या बांधात घुसली तोंडाकून."

"अन् भाऊ?"

"ते गाडीच्या चौफेर फिरून राह्यले. बांध इथी कोनं घातला म्हनून शिव्या देऊन राह्यले."

मी धपकन खुर्चीत बसलो. गादी होती म्हणून बरं.

चार दिवसांनी गाडी टोचन करून, दुसऱ्या गाडीमागे ओढत आली. मागून भाऊ आले, स्वतःच्या पायांनी. शर्ट सरकवून त्यांनी दोन्ही खांद्यांवरचे काळेनिळे पट्टे दाखवले, लग्नातला फेटा दाखवावा तशा थाटात. मी गाडीतला हार्नेस काढला आणि कटरने कापायला घेतला.

"काहून कापता? चांगला त हाये."

"एकदा झटका खाल्ला का पट्टा ताणला जाते, भाऊ. दिसत नाही, पन पुढच्या वेळी धरत नाही. कापला नाही त कोनीतरी लावन."

त्यांना ते पटलं, पण फेकू दिलं नाही. तुकडे गोळा करून घरी नेले. आता भाऊंची ट्रॉली गॅरेजसमोरून मार्केटला जाते तेव्हा सोयाबीनच्या पोत्यांवर लाल पट्टे दिसतात. मालावरून घेऊन, सरळ खाली, तळाच्या कडीत आवळलेले. तिथे तेच बरोबर आहे.