बासरीखाली बुडालेलं वाक्य

कुजबुज उठली ती दवाखान्याच्या चौकशी खिडकीवर: पडदेवाला ठार बहिरा होत चाललाय! खिडकीवरच्या बाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुपारच्या चहापर्यंत बातमी धोबीखान्यात पोचली आणि तिथून परत येईतो बिचाऱ्याच्या कानात यंत्रसुद्धा बसलं होतं.

पडदेवाला म्हणजे धडे करणारा. पेशंटला घरी सोडताना नातेवाइकांना जे शिकवायचं, म्हणजे जखम कशी धुवायची, सुई कशी टोचायची, नाकातल्या नळीतून कसं भरवायचं, ते चित्रं, अक्षरं आणि आवाज जुळवून हा पडद्यावर आणायचा. माणसं ते फोनवर घरी न्यायची. एकेकाळी काय थाट होता त्या धड्यांचा! अक्षरं गिरक्या घेत यायची, बाहुली टाळ्या पिटायची, मागे सतत बासरी. मोठे डॉक्टर आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे.

वडील गेले आणि धड्यांची रयाच गेली. बासरी नाही, बाहुली नाही. एक चित्र, एक वाक्य, की धडा थांबला; बघणाऱ्याने बोट लावलं तरच पुढे. तयार धडा तो एकदा आवाज बंद करून बघायचा आणि एकदा डोळे मिटून ऐकायचा. मुक्या पडद्याकडे टक लावून बसलेला माणूस दारातून दिसला, मग बहिरेपणाला आणखी पुरावा कशाला हवा?

"काय हो, तुमचे वाजंत्रीवाले पळाले वाटतं?" खिडकीवरच्या बाईंनी छेडलं.

"सुट्टीवर पाठवलेत," तो म्हणाला.

बाई शेजारणीच्या कानाला लागल्या. "बघितलंस? ओठ वाचतो मेला!"

दवाखान्यात तो हसून घ्यायचा. घरी हसू पुरत नसे. वडिलांना शेवटी नळीतून भरवलं होतं ते आईने. तेव्हापासून ती कुणाला घास भरवेना. शेजारणीने तान्हं पुढे केलं तरी हात मागे घ्यायची. "नको गं बाई, माझ्या हाताला यश नाही." कुठे चुकलं ते पडदेवाल्याला पक्कं ठाऊक होतं. सांगायला म्हणून तो तोंड उघडायचा आणि चहा मागून मोकळा व्हायचा.

शेवटी त्याने नळीचा धडा नव्याने केला आणि एका रविवारी फोन आईपुढे धरला.

"आई, एवढं बघून दे. कळतं का सांग."

"त्या नळीचं तोंड बघायचं नाही मला."

"तुला कळलं तर सगळ्यांना कळेल."

"म्हणजे सगळ्यांत ढ तुझी आईच का रे?" पण तिने चष्मा लावला.

पहिलं चित्र आलं. उशांना टेकून बसलेला माणूस, बाकी काही नाही. आवाज म्हणाला, "भरवण्याआधी डोकं आणि पाठ उंच करा. आडवं ठेवून भरवू नका." धडा थांबला. आईचं बोटही थांबलं.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई. नेमकी तिथेच मी बासरी मोठी केली होती. वर ती बाहुली नाचत होती. तुझ्या हाताचं काही चुकलं नाही. माझा धडा चुकला."

आईने चित्रातल्या उशांवरून बोट फिरवलं.

"बासरी छान होती रे," ती म्हणाली. "मी ह्यांनासुद्धा ऐकवली. म्हटलं, ऐका, आपल्या पोराने केलंय."

पुढचं चित्र तिच्या बोटासाठी थांबलं होतं. तिने फोन पालथा ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पुष्कळ दिवसांनी तिचा हात आपणहून पुढे आला होता. पडदेवाल्याला मान वर करता आली नाही.

त्याचे कान अगदी धड होते. त्याच्या धड्यातलं एक वाक्य संगीताखाली बुडालं, म्हणून आईने वडिलांना आडवं ठेवून भरवलं, अन्न फुप्फुसात गेलं आणि वडील गेले.