महेश्वरीचं दुसरं ऑपरेशन

महेश्वरी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होती. ट्यूबलाइटखालच्या टेबलावर टॉवेल पसरायचा, सुटलेला धागा, तेलाचा डाग दिसला की बाजूला टाकायचा. अकरा वर्षांत तिच्या हातून खराब माल फारसा सुटला नव्हता. सोबतच्या बायकांना तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की ती डबा एकटी खाते आणि कुणाच्या घरी जेवायला येत नाही. बारशाला, हळदी-कुंकवाला त्यांनी दोन-तीन वर्षं बोलावलं, मग सोडून दिलं.

कारण पोटाचं होतं. जेवल्यावर कधी पोट पिळवटेल आणि पळावं लागेल, याचा नेम नसायचा. परक्या घरात संडासात पाव पाव तास बसायचं आणि बाहेरच्यांचं बोलणं थांबलेलं ऐकायचं, हे तिला नको होतं. आग्रह करणाऱ्याला हे कसं सांगणार?

ती मूळची सोलापूरजवळच्या वळसंगची. अठ्ठावीस वर्षांची असताना, साखरपुडा झाल्यावर, हे दुखणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, आतड्याचा टीबी. गावात बातमी फिरली आणि लग्न मोडलं. वहिनीनं तिचं ताट आणि तांब्या वेगळा काढून मागच्या दाराच्या फळीवर ठेवला. ती काही वाकडं बोलली नाही, फक्त ताट तिथं ठेवत राहिली. थोरला भाऊ शरणबसव ते बघायचा आणि दुकानाला निघून जायचा.

नऊ महिने गोळ्या खाऊनही फरक पडला नाही. वजन छत्तीसवर आलं, आतडं तुंबलं. सोलापुरात पोट उघडून ऑपरेशन झालं, लहान आतड्याचा शेवटचा तुकडा काढून टोकं जोडली. त्या तुकड्याचा रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, हा टीबी नव्हताच. क्रॉन्स नावाचा आजार आहे, यात शरीरच आपल्या आतड्यावर उलटतं. तो कुणाला लागत नाही.

एसटीत बसून तिनं मनात वाक्य जुळवलं होतं. घरी येऊन तिनं रिपोर्टची पिशवी खुंटीला अडकवली आणि कुणी विचारायची वाट बघत बसली. रात्रीची जेवणं झाली. पुढचे आठ दिवस गेले. कुणी विचारलं नाही. आईनं फक्त 'आता दुखतंय का गं?' म्हटलं, तेही कानडीत, हळू आवाजात. महिन्याभरात महेश्वरीनं सोलापुरात नागम्माबाईंच्या घरातली मागची खोली भाड्यानं घेतली. दोन वर्षांनी आई गेली, तेव्हापासून वळसंगची वाट तिनं सोडली.

यंदा दिवाळीनंतर पोट परत दुखायला लागलं. भाकरी उतरेना, खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडायचं. सर्जन भार्गवी मॅडमनी तपासण्या करून घेतल्या. दुर्बीण आत घातली तर जुन्या जोडाशी ती पुढं सरकेना, इतकी वाट आवळली होती.

"हा आजार बरेचदा जोडाच्या जागीच परत येतो," मॅडम म्हणाल्या. "गोळ्या चालू होत्या?"

"ऑपरेशननंतर चार वर्षं दुखणं नव्हतं, नुसते जुलाब. मग सोडल्या."

"दुखत नसतानाच घ्यायच्या असतात त्या." त्या रागावल्या नाहीत. "सोमवारी ऑपरेशन करू. येताना घरचं कुणीतरी आणा."

घरचं कुणीतरी. नागम्माबाई ऐंशीच्या होत्या. महेश्वरीनं तीन दिवस विचार केला आणि भावाला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी आला. केस सगळे पिकले होते.

मॅडमनी त्याला कागदावर आतडं काढून दाखवलं. पोटाला चार छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून काम करायचं. पहिल्या ऑपरेशनमुळे आतडी आत चिकटलेली असणार, नाही जमलं तर पोट उघडावं लागेल. "यांना आधी टीबी समजून नऊ महिने औषधं दिली, त्यात वेळ गेला," त्या म्हणाल्या.

"समजून म्हंजे?" शरणबसवनं विचारलं.

"टीबी नव्हताच. दोन्ही आजार सारखे दिसतात, फसायला होतं. पहिल्या ऑपरेशनच्या रिपोर्टमध्येच आलंय की."

त्यानं बहिणीकडे बघितलं. ती फाइलची नाडी बांधत होती.

बाहेर बाकावर दोघं बसली.

"तुला कवा कळलं?"

"तवाच."

"तेरा वर्सं झाली. सांगायचं न्हाय?"

"रिपोर्ट खुंटीला लावला होता, अण्णा. कुणी इचारलं न्हाय." ती म्हणाली, "आन् टीबी असता तरी ताटानं लागत नव्हता. डॉक्टर बोलले होते तसं."

"व्हय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी ऐकलं होतं."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, त्याला ठाऊक नसेल.

सोमवारी साडेतीन तास लागले. चिकटलेली आतडी सोडवण्यातच निम्मा वेळ गेला, पण पोट उघडावं लागलं नाही. आवळलेला तुकडा बेंबीजवळच्या छोट्या कापातून काढला आणि आतडं नव्यानं जोडलं. महेश्वरी शुद्धीवर आली तेव्हा शरणबसव कॉटशेजारी उभा होता. 'तंगी,' त्यानं हाक मारली. घरात धाकट्या बहिणीला कानडीत असंच म्हणायचे. आई गेल्यापासून तिला ते कुणी म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पेज मिळाली. वहिनी एकदा येऊन गेली, पायाशी बसून चादर सारखी करत राहिली, 'बरी हो' म्हणाली. सहाव्या दिवशी सुट्टी मिळाली.

"वळसंगला चल की," भाऊ म्हणाला.

"नको. माजं सगळं हितं हाय."

सगळं म्हणजे एक खोली. भावाला दवाखान्यातूनच वळसंगला पाठवून ती रिक्षानं एकटीच आली. तिथं ती तीन आठवडे पडून होती. नागम्माबाई मऊ भात आणि ताक आणून द्यायच्या, दाराशी क्षणभर टेकायच्या आणि गुडघे धरत परत जायच्या. कारखान्यात तिनं अपेंडिक्स सांगितलं होतं, ते लोकांना समजतं. एका बाईनं फोन करून तिचं टेबल दुसरीला दिल्याचं कळवलं. दुपारी गल्ली शांत झाली की महेश्वरी मोबाइल उशीजवळ ठेवून पडून राहायची. सोमवारी भावाचा फोन यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं. दोन मिनिटांत बोलणं संपायचं.

परत कामावर गेल्यावर तिला दुसरं टेबल मिळालं. भूक लागायला लागली, वजन चार किलोंनी वाढलं. आता गोळ्या ती एकही चुकवत नव्हती. सहा महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी होती. शरणबसव म्हणाला, "मी येतो, तारीख सांग." तिनं एक दिवस पुढची सांगितली आणि एकटीच जाऊन आली. असं का केलं, ते तिलाही धड कळलं नाही. कुणी शेजारी बसलं असताना वाट बघायची सवयच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "स्टँडवर उतरलोय. कुटं येऊ?"

"झालं ते. काल जाऊन आले."

पलीकडे एसटीचा हॉर्न वाजत होता.

"रिपोर्टात काय आलं?" त्यानं विचारलं.

खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं त्याला सगळं सांगितलं. जोड चांगला आहे, सूज नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत, वर्षानं परत बघायचं. तो मधे मधे हूं म्हणत होता.

"मग आता आलोच हाय तर घरी येऊ?"

"ये," ती म्हणाली, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याची खूण सांगितली, कारण तिची खोली त्यानं कधी बघितलीच नव्हती.