दोन बायबलं आणि मी

तंजावूरच्या दफनभूमीजवळून जाताना आज मेणबत्त्यांचा वास आला आणि शाळेतली स्टेला आठवली. माझी, फक्त माझी मैत्रीण! मग वर्गात ग्रेस आली आणि माझं राज्य बुडालं.

स्टेला कॅथलिक, ग्रेस प्रोटेस्टंट. स्टेलाने आजीच्या थडग्यावर मेणबत्ती लावून प्रार्थना केली, तर ग्रेस म्हणाली, "मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलात कुठे आहे? दाखव!"

"आहे! बायबलातल्या एका पुस्तकात आहे!"

"नाही!"

रोज डबा खाताना हेच. माझ्या चिंचभाताकडे कुणी बघेना. मी जळून कोळसा झाले. शेवटी दोघींची बायबलं मागून घेतली, आतल्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि नाटकातल्या राजासारखा निकाल दिला, "अय्यो! स्टेला ज्या पुस्तकाचा आधार देते, ते ग्रेसच्या बायबलात नाहीच! मिटलं भांडण!"

मिटतंय कसलं?

"तुमच्या लोकांनी काढून टाकलं!"

"तुमच्याच लोकांनी घुसडलं!"

दोघींचे डोळे आनंदाने चमकत होते.

"अगं, माझं ऐका तरी!" मी ओरडले.

स्टेला अगदी प्रेमाने म्हणाली, "तू जेव गं. हे आमचं आमचं आहे."

बरोबर कोण होतं, ते मला अजूनही ठाऊक नाही. पण स्टेलाने एकदा तरी माझ्याशी असं कडकडून भांडायला हवं होतं.